गेम्सचा ओघ आणि महाकाय गेम्सचा हट्ट

नवं कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं खास मशीन, बाजारात आलं की सहा महिन्यांच्या आत एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. पहिल्या दिवशीचे एकदोन मोठे गेम खेळून झालेले असतात, पुढच्या तीन-चार महिन्यांत डोळ्यांत भरावं असं काही दिसत नसतं, आणि मग ‘या कंपनीला गेम्सचा ओघ टिकवणं कधी जमलंय?’ असा सूर लागतो. समोरची बाजू लगेच जाहीर झालेल्या गेम्सची यादी पुढे करते. यादीतला कुठला गेम मोठा धरायचा, जुन्याची नवी आवृत्ती मोजायची की नाही, यावर दोन्हीकडून हमरीतुमरी होते. हे सगळं भांडण या वर्षीच्या कॅलेंडरवर चालतं. पण या वर्षी जो गेम आला नाही, त्याचं न येणं चार-पाच वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. कुठल्या आकाराचे गेम बनवायचे, किती माणसं कुठे लावायची, कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे तेव्हा ठरलं. त्या निर्णयांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कन्सोल बनवणाऱ्या कंपनीला गेम्सचा नियमित ओघ टिकवता येतो, आजच्या खर्चातही टिकवता येतो. मात्र त्यासाठी तिने आपले बहुतेक गेम लहान-मध्यम आकाराचे ठेवले पाहिजेत आणि ते बनवणारी माणसं वर्षानुवर्षं सांभाळली पाहिजेत. फक्त महाकाय गेम्सवर घर चालवायचं ठरवणाऱ्या कंपनीच्या वाट्याला जो दुष्काळ येतो, तो तिने स्वतः निवडलेला असतो.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. गेम भरपूर असणं ही काही आपोआप चांगली गोष्ट नाही. या उद्योगाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं संकट टंचाईतून आलेलं नाही, अतिरेकातून आलं. १९७९ साली अटारी या अमेरिकी कन्सोल कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम बनवून विकता येतात हे जगाला दाखवून दिलं. त्यांचे गेम उत्तम होते. पण पाठोपाठ जो तो कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डब्या, काढू लागला आणि एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत झाली. खुद्द अटारीने ‘ईटी’ या चित्रपटाचा गेम १९८२च्या नाताळात दुकानात हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रॅमरकडून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत अटारीने कार्ट्रिजचे ढीग पुरले. २०१४ साली ते उकरून काढले तेव्हा त्यात ‘ईटी’ही निघाला. अमेरिकेतला घरगुती गेम्सचा धंदा १९८३मध्ये बसला तो असा. म्हणूनच त्यानंतर अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या मशीनमध्ये परवानगीशिवाय कार्ट्रिज चालूच नये अशी चिप बसवली आणि तिथल्या प्रत्येक प्रकाशकाला वर्षाला फक्त पाच गेम काढण्याची मुभा दिली. ओघ टिकवण्याआधी त्याला बांध घालायला शिकावं लागलं होतं.

पण त्या धड्यातून निन्टेन्डोने पुढे जो अर्थ काढला तो फार ताणलेला होता. गेम थोडे असावेत पण सरस असावेत, या तत्त्वावर कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी निन्टेन्डो ६४ उभं केलं. २३ जून १९९६ रोजी ते जपानमध्ये आलं तेव्हा सोबत तीनच गेम होते आणि त्यातला एक शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा होता. ‘सुपर मारिओ ६४’ने गेम बनवण्याची रीतच बदलली, यात शंका नाही. १९९८चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ आजही लोक डोक्यावर घेतात. पण या दोन गेम्सच्या मध्ये जे महिनेच्या महिने कोरडे गेले त्यांचं काय? सीडीऐवजी महागडी कार्ट्रिज चालू ठेवण्याच्या हट्टापायी स्क्वेअरसारखी गेम बनवणारी कंपनी हातची गेली आणि तिचा ‘फायनल फँटसी ७’ १९९७मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. शेवटी प्लेस्टेशन १० कोटींच्या वर विकलं गेलं, निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबलं. सरस गेम असूनही हे झालं. अर्थात कार्ट्रिजची किंमत, छापायला लागणारा वेळ, सोनीने प्रकाशकांना दिलेल्या सवलती ही कारणंही होतीच. पण या सगळ्यांचा परिणाम ग्राहकापुढे एकाच रूपात यायचा, तो म्हणजे दुकानात या महिन्यात नवीन काही नाही.

ओघाला इतकं महत्त्व का, हे सांगायला हवं, कारण अनेकांना तो निव्वळ अधीर चाहत्यांचा हट्ट वाटतो. कन्सोलच्या विक्रीत कंपनीला सुरुवातीला फारसं सुटत नाही, काही वेळा तोटाच होतो. कमाई गेम्सवर असते. मशीन घरात धूळ खात पडलं की त्याचा मालक पुढचा गेम दुसऱ्या मशीनवर घेतो, मित्राला सल्ला देतानाही त्याच दुसऱ्या मशीनचं नाव घेतो. बाहेरचे प्रकाशक विक्रीचे आकडे बघत असतात. मशीन खपत नाही म्हटल्यावर ते आपला पुढचा गेम तिथे आणत नाहीत, आणि तो न आल्यामुळे मशीन आणखी कमी खपतं. एकदा हे चक्र उलटं फिरू लागलं की मग कितीही चांगला गेम आणला तरी ते थांबवणं फार अवघड जातं.

निन्टेन्डोच्याच वी यूच्या बाबतीत हे सगळं डोळ्यांदेखत घडलं. नोव्हेंबर २०१२मध्ये हे कन्सोल आलं. दोन महिने झाले आणि २३ जानेवारी २०१३ रोजी निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना कॅमेऱ्यासमोर येऊन माफी मागावी लागली. जानेवारी आणि फेब्रुवारीत आमच्याकडून तुम्हाला नवे गेम मिळणार नाहीत, नवीन मशीनच्या सुरुवातीच्या काळात गेम्सचा ओघ राखणं ही आमची जबाबदारी आहे, असं ते म्हणाले. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख इतक्या सरळपणे बोलतो, याबद्दल मला आजही आदर वाटतो. पण माफीने गेम येत नाहीत. लाँचच्या सुमारास येणार असलेला ‘पिकमिन ३’ जुलैमध्ये जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोचला. युबिसॉफ्टचा ‘रेमन लेजंड्स’ फेब्रुवारीत फक्त वी यूसाठी येणार होता. तारीख तोंडावर आली असताना युबिसॉफ्टने तो सप्टेंबरपर्यंत मागे ढकलला, का तर इतर कन्सोलवरही एकाच वेळी आणता यावा. उलटं फिरणारं चक्र म्हणतात ते हेच.

हा दुष्काळ आळसातून आला होता का? अजिबात नाही. एचडी दर्जाची चित्रं घडवायला किती माणसं लागतील याचा कंपनीचा अंदाज चुकला होता. शिवाय याच माणसांना दुसरं एक मशीन पोसायचं होतं. थ्रीडीएस हे हातातलं कन्सोल २०११मध्ये आलं तेव्हा तेही गेम्सअभावी अडखळलं होतं. सहा महिन्यांच्या आत त्याची किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणावी लागली. त्याला सावरण्यासाठी कंपनीने कंबर कसली आणि २०१३ हे थ्रीडीएसचं भरभराटीचं वर्ष ठरलं. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’, ‘लुईजीज मॅन्शन’, ‘पोकेमॉन’ सगळं तिथे होतं. त्याच वर्षी वी यू उपाशी होतं. कंपनी एकूण भरपूर गेम बनवत होती, पण ते दोन ताटांत वाटले जात होते. वी यू शेवटी १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपून संपलं.

घरी टीव्हीवर आणि हातातही चालणारं स्विच हे एकच कन्सोल आलं तेव्हा हे चित्र पालटलं, आणि त्याची तयारी आधी काही वर्षं चालू होती. २०१३मध्ये घरचं आणि हातातलं कन्सोल बनवणारे हार्डवेअर विभाग एकत्र केले गेले. २०१५मध्ये गेम बनवणारे दोन मोठे विभागही एक झाले. ३ मार्च २०१७ रोजी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’सह स्विच बाजारात आलं. एप्रिलमध्ये ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’, जूनमध्ये ‘आर्म्स’, जुलैत ‘स्प्लाटून २’, ऑगस्टमध्ये युबिसॉफ्टचा ‘मारिओ अँड रॅबिड्स’, ऑक्टोबरमध्ये ‘सुपर मारिओ ओडिसी’, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’. चार वर्षांपूर्वी माफी मागणारी हीच कंपनी होती.

यावर विरोधकांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात, हा ओघ नव्हताच, ही वी यूची शिल्लक होती. ‘मारिओ कार्ट ८’ मुळात २०१४चा. ‘डाँकी काँग’, ‘कॅप्टन टोड’, ‘पिकमिन ३’, ‘सुपर मारिओ ३डी वर्ल्ड’ हे सगळे वी यूवर फारसे कुणी न खेळलेले गेम एकेक करून स्विचवर आणले गेले आणि मधल्या फटी बुजवल्या गेल्या. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ तर सहा कोटींच्या वर खपला. खुद्द ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ही वी यूसाठीच सुरू झालेला, २०१५मध्ये येणार होता तो रखडत रखडत नव्या मशीनच्या मुहूर्तावर आला. मग पडलेल्या कन्सोलची अशी बेगमी ज्याच्याकडे नाही, त्याने काय करावं? आणि निन्टेन्डोलाही हे दुसऱ्यांदा करता येणार नाही, कारण स्विच घराघरांत पोचलेलं आहे, त्यावरचे गेम लोकांचे खेळून झालेत.

हे सगळं खरं आहे आणि ते नाकारणारे चाहते स्वतःचीच फसवणूक करतात. पण जुने गेम वजा करून उरलेली यादी बघा. विशेषतः २०२२ हे वर्ष बघा. मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं की ‘झेल्डा’चा, म्हणजे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या मालिकेचा, पुढचा भाग या वर्षी येणार नाही, २०२३च्या वसंतात येईल. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा गेम यादीतून गेला. दुसऱ्या एखाद्या कंपनीचं वर्षच बुडालं असतं. निन्टेन्डोकडे जानेवारीत ‘पोकेमॉन लेजंड्स आर्सेअस’ येऊन गेला होता. मार्चमध्ये ‘कर्बी’, एप्रिलमध्ये ‘स्विच स्पोर्ट्स’, सप्टेंबरमध्ये ‘स्प्लाटून ३’, ऑक्टोबरमध्ये ‘बायोनेटा ३’, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ‘पोकेमॉन’. सप्टेंबरसाठी जाहीर केलेला ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३’ तर कंपनीने उलट अलीकडे, जुलैमध्ये आणला. जाहीर झालेली तारीख अलीकडे येणं या धंद्यात किती दुर्मीळ आहे, हे सांगायला नकोच. यातला एकही गेम वी यूची शिल्लक नव्हता. कर्बी बनवणारी हॅल लॅबोरेटरी, झेनोब्लेडवाली मोनोलिथ सॉफ्ट, पोकेमॉनची गेम फ्रीक, बायोनेटाची प्लॅटिनम, प्रत्येकाची तुकडी वेगळी, गेमचा आकार वेगळा, वेळापत्रक वेगळं.

‘दर्जा हवा असेल तर वाट बघा, ओघाचा आग्रह धरू नका’ असं म्हणणाऱ्यांनी याच वर्षाकडे पुन्हा बघावं असं मला वाटतं. झेल्डाला एक वर्ष जास्त देता आलं ते बाकीचे गेम होते म्हणून. ‘मेट्रॉइड प्राइम ४’ जून २०१७मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०१९मध्ये कंपनीने सांगितलं की काम समाधानकारक नाही, ते थांबवून रेट्रो स्टुडिओकडे नव्याने सोपवतो आहोत. गेम हातात पडला डिसेंबर २०२५मध्ये. साडेआठ वर्षं! दोनच गेम हाताशी असलेल्या कंपनीला असा निर्णय घेता आला असता का? तिने अर्धाकच्चा गेम तारखेला बाजारात ढकलला असता. संयम हा गुण आहे खरा, पण तो परवडावा लागतो, आणि ओघ असेल तरच परवडतो. ओघ आणि दर्जा यांना एकमेकांचे शत्रू ठरवून चाललेल्या वादात हा मुद्दा कधी ऐकू येत नाही.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो. खर्च. जून २०२३मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हिजन खरेदीवरून खटला चालू असताना सोनीने न्यायालयात काही कागद सादर केले. गोपनीय आकड्यांवर काळ्या मार्करने रेघा मारलेल्या होत्या. पण कागद स्कॅन झाल्यावर रेघांखालचे आकडे वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, ऐन भरात दोनशेच्या आसपास माणसं कामाला. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख डॉलर, माणसं तीनशे, काळ पाच वर्षं. उद्योगात जे कुजबुजत बोललं जायचं ते असं उघड झालं. या आकड्यांच्या आधारे कुणी म्हणालं की ओघ टिकवणं अशक्य आहे, तर माझा त्याला विरोध नाही. या आकाराचे गेम घेऊन ते अशक्यच आहे.

पण एक ढोबळ हिशेब मांडून बघू. एखाद्या कंपनीकडे गेम बनवणारी साधारण अकराशे माणसं आहेत. तिने सगळे गेम तीनशे माणसं आणि पाच वर्षं या मापाचे करायचे ठरवले, तर तिच्या चार तुकड्याही पुऱ्या होत नाहीत आणि पाच वर्षांत जेमतेम चार गेम हाती लागतात. म्हणजे वर्षाला एकसुद्धा नाही, आणि त्यातला एक रखडला की सलग दोन वर्षं कोरडी. आता दुसरं माप घ्या. सोनीच्याच टीम असोबी या स्टुडिओने साठ-पासष्ट माणसांच्या बळावर सुमारे तीन वर्षांत ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ बनवला. सप्टेंबर २०२४मध्ये तो आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याच अकराशे माणसांपैकी सहाशे दोन महाकाय गेम्सवर ठेवली आणि उरलेल्यांच्या साठ-पासष्टच्या आठ तुकड्या केल्या, तर पाच वर्षांत दोन महाकाय आणि तेरा मध्यम असे पंधरा गेम निघतात. वर्षाला तीन. प्रत्यक्षात माणसं पहिल्या दिवसापासून पूर्ण संख्येने नसतात, काही गेम मध्येच सोडून द्यावे लागतात, काही फसतात, हे सगळं धरून हा आकडा निम्मा करा. तरीही तो पहिल्या पर्यायाच्या जवळपास दुप्पट भरतो, आणि एखादा गेम रखडला तर त्याच्या जागी दुसरा असतो.

यावर उत्तर येईल की अ‍ॅस्ट्रो बॉटसारख्या गेमसाठी कुणी कन्सोल घेत नाही, लोक ‘स्पायडरमॅन’साठी घेतात. विक्रीचे आकडे पाहिले तर या म्हणण्यात तथ्य आहे, आणि महाकाय गेम बनवूच नयेत असं मी म्हणतही नाही. पण या दोन प्रकारच्या गेम्सचं काम वेगळं आहे. मोठ्या गेमपायी माणूस मशीन घरी आणतो. तो गेम त्याचा महिनाभरात संपतो. पुढची तीन वर्षं त्या मशीनपाशी त्याला बसवतं कोण? शिवाय मध्यम आकाराचे गेम खपतच नाहीत हे कुणी ठरवलं? ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये छायाचित्रासारखं हुबेहूब जग उभं करण्याचा आटापिटा नव्हता. हातात एक लवचिक कडं, मांडीला एक पट्टा, आणि घाम काढणारा खेळ. तो दीड कोटींच्या वर गेला.

ओघाचा प्रश्न सोडवण्याच्या नावाखाली गेल्या काही वर्षांत दोन वेगळे मार्ग चोखाळले गेले. सोनीने विचार केला की नवे गेम सतत देण्यापेक्षा कधीच न संपणारे गेम द्यावेत. मे २०२२मध्ये तिने मार्च २०२६पर्यंत असे दहाहून जास्त ऑनलाइन गेम आणण्याचं जाहीर केलं. दीड वर्षात त्यातले निम्मे पुढे ढकलले गेले. सोनीच्याच नॉटी डॉग स्टुडिओने आपला ‘लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन गेम डिसेंबर २०२३मध्ये गुंडाळला. ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, लोकांचे पैसे परत केले गेले, नंतर स्टुडिओलाही कुलूप लागलं. ‘हेलडायव्हर्स २’ मात्र बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख खपला, म्हणजे ही वाट सर्वस्वी चुकीची नव्हती. पण न संपणाऱ्या गेमला माणसाची रोजची संध्याकाळ लागते, आणि संध्याकाळ एकच असते. असे दहा गेम एकमेकांचेच गिऱ्हाईक पळवणार, हे समजायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. इकडे या खटाटोपात जी माणसं गुंतली त्यांचे नेहमीचे गेम राहून गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये सोनीनेच सांगितलं की मार्च २०२५पर्यंत आमच्या नावाजलेल्या मालिकांमधला एकही मोठा नवा गेम येणार नाही. तेलही गेलं आणि तूपही गेलं.

मायक्रोसॉफ्टने ओघ विकत घ्यायचं ठरवलं. २०१८पासून एकामागून एक स्टुडिओ, २०२१मध्ये ७५० कोटी डॉलर देऊन बेथेस्डाची मालक कंपनी, मग ऑक्टोबर २०२३मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड, ज्याची जाहीर किंमत होती ६,८७० कोटी डॉलर. दर तिमाहीला आपला एक तरी नवा गेम, असं उद्दिष्ट २०२१मध्ये सांगितलं गेलं. लगेच पुढच्या वर्षी ‘स्टारफील्ड’ आणि ‘रेडफॉल’ पुढे गेले आणि २०२२ जवळजवळ रिकामं गेलं. स्टुडिओ विकत घेतला म्हणून त्याच्या हातातला गेम लवकर होत नाही. २०२४च्या अखेरीपासून मात्र ओघ खरोखर सुरू झाला, हे मान्य केलंच पाहिजे. ‘इंडियाना जोन्स’, ‘अवाउड’, ‘साउथ ऑफ मिडनाइट’, ‘डूम’, ‘आउटर वर्ल्ड्स २’ असे गेम वर्षभराच्या आत आले. पण तोवर खरेदीचा पैसा वसूल करण्यासाठी यातले बरेच गेम प्लेस्टेशनवरही न्यावे लागले. ‘डूम’ आणि ‘आउटर वर्ल्ड्स २’ तर पहिल्याच दिवसापासून. मायक्रोसॉफ्टला एक मोठी प्रकाशक म्हणून यश आलं असेल, पण तिचं एक्सबॉक्स हे कन्सोल घ्यायला ते गेम कारण उरले नाहीत. मूळ प्रश्न कन्सोल कंपनीचा होता, आणि त्याचं उत्तर या मार्गाने मिळालं नाही.

बाहेरच्या प्रकाशकांवर सोपवून द्यावं, असंही काही जण सुचवतात. त्यांचे गेम सगळीकडेच येतात, त्यामुळे त्यांच्यावाचून कन्सोल तगत नाही हे खरं असलं तरी त्यांच्यामुळे कन्सोलला स्वतःची ओळख मिळत नाही. आणि ‘रेमन’च्या वेळी दिसलं तसं, पडत्या काळात सर्वांत आधी तेच पाय मागे घेतात.

सेगा या जपानी कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलचं उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण माझ्या मताला ते सर्वांत जास्त टोचतं. १९९८ ते २००१ या काळात सेगाच्या स्टुडिओंनी जे दिलं ते आजही थक्क करतं. ‘शेनमू’, ‘क्रेझी टॅक्सी’, ‘जेट सेट रेडिओ’, ‘स्काइज ऑफ आर्केडिया’, ‘फँटसी स्टार ऑनलाइन’. आकार वेगवेगळे, कल्पना वेगवेगळ्या, ओघ अखंड. तरी ते मशीन मार्च २००१मध्ये बंद पडलं. आधीच्या मशीनमुळे गेलेली पत, साचलेला तोटा, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने फिरवलेली पाठ आणि डीव्हीडी दाखवणारं प्लेस्टेशन २, यांच्यापुढे गेम कमी पडले. तेव्हा ओघ असला की कंपनी तरतेच, असं मी म्हणणार नाही. पण ओघ टिकवता येतो का, या प्रश्नाचं उत्तर पैशाची चणचण असलेल्या सेगानेसुद्धा ‘हो’ असंच देऊन ठेवलं आहे.

खुद्द निन्टेन्डोची कसोटी आता लागते आहे. ५ जून २०२५ रोजी स्विच २ ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’सह आलं, जुलैत ‘डाँकी काँग बनान्झा’ आला. मशीन जास्त ताकदवान आहे, म्हणजे प्रत्येक गेमला जास्त माणसं आणि जास्त वेळ लागण्याचा मोह वाढला आहे. वी यूच्या वेळी एचडीने जे केलं तेच पुन्हा होऊ शकतं. कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांना सांगितलं आहे की गेम्सचा खर्च आणि कालावधी वाढतो आहे, पण कमी काळात बनवलेल्या गेममधूनही लोकांना नवं काही देता येतं. हे शब्द अमलात आले की नाहीत ते चार वर्षांनी दिसेल. मारिओ, झेल्डासारखं प्रत्येक नाव अधिकाधिक भव्य करण्याच्या नादात हॅल, ग्रेझो, इंटेलिजंट सिस्टिम्स यांच्यासारख्या तुकड्यांचा वेग मंदावला, तर शिल्लक संपल्याचं लोकांच्या लगेच लक्षात येईल.

आणि तुकड्या टिकवण्याबद्दल तर या उद्योगाने गेल्या काही वर्षांत जे केलं ते बघून संताप येतो. पासष्ट माणसांची जमलेली तुकडी जाहिरात देऊन भरता येत नाही. कुणाला काय जमतं, कुठली कल्पना वेळीच सोडून द्यायची, कुठल्या अवस्थेत काय कापायचं, हे दोन-तीन गेम एकत्र बनवल्यावर अंगवळणी पडतं. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या टोकियोतल्या टँगो गेमवर्क्सने ‘हाय-फाय रश’ बनवला आणि २५ जानेवारी २०२३ रोजी तो जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीलाही आला. ताल धरून मारामारी करायचा, भडक रंगांचा, छोटेखानी गेम. लोकांनी उचलून धरला, पुरस्कार मिळाले. ७ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, बातम्यांनुसार, एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की कंपनीला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवे आहेत. असा गेम ज्यांनी नुकताच करून दाखवला होता, त्यांना आदल्या दिवशी घरी जायला सांगून झालं होतं. ऑगस्टमध्ये क्राफ्टॉन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने ‘हाय-फाय रश’चे हक्क घेतले आणि टँगोच्या माणसांना आपल्याकडे सामावून घेतलं. त्यांचा पुढचा गेम जेव्हा केव्हा तयार होईल, तेव्हा तो क्राफ्टॉनच्या यादीत असेल, आणि एक्सबॉक्सच्या त्या वर्षीच्या यादीत एक जागा रिकामी असेल.